पावले मोजणारा मोबाईल नेमके काय मोजतो?

२९ ऑगस्ट २०१९ रोजी, म्हणजे राष्ट्रीय क्रीडादिनी, ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ झाला आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभरातील विद्यापीठांना व महाविद्यालयांना आपापल्या संस्थेचा तंदुरुस्तीचा आराखडा तयार करण्यास सांगितले. बरोबर दोन वर्षांनी या चळवळीचे मोबाईल अ‍ॅपही आले. त्यात पावले मोजण्याची सोय आहे, झोपेची नोंद ठेवता येते, वयानुसार तंदुरुस्तीच्या चाचण्या आहेत. खासगी कंपन्यांची अशी अ‍ॅप्स तर त्याआधीपासूनच होती. कर्मचाऱ्यांच्या मोबाईलमध्ये असे एखादे अ‍ॅप बसवायचे, विभागाविभागांत चालण्याची स्पर्धा लावायची, आघाडीवर असणाऱ्यांची नावे जाहीर करायची आणि शेवटी कर्मचाऱ्यांची प्रकृती सुधारली असे समजायचे, हा आता मोठ्या कार्यालयांचा परिचित कार्यक्रम झाला आहे. विद्यापीठांतही तो येत आहे.

हेतूबद्दल वाद नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेहविषयक पाहणीतील एक निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. महाराष्ट्रासह चार प्रदेशांतील लोकांचा त्यात समावेश होता. त्यांपैकी ५४.४ टक्के लोकांची शारीरिक हालचाल अपुरी होती आणि नव्वद टक्क्यांहून अधिक लोक मोकळ्या वेळात खेळ, व्यायाम असे काहीही करत नव्हते. याच पाहणीच्या २०२३ मधील अहवालानुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. खुर्चीवर बसून वीस-पंचवीस वर्षे काढणारा प्राध्यापक किंवा कारकून या आकड्यांपासून दूर नाही. प्रश्न आहे तो उपायाचा. मोबाईलमधील पावलांचा आकडा वाढला म्हणजे प्रकृती सुधारली, हे विधान वैज्ञानिक कसोटीला कितपत उतरते, एवढेच आम्हाला येथे तपासायचे आहे.

तपासताना आम्ही एक गाव डोळ्यांसमोर ठेवणार आहोत. नाशिक जिल्ह्याच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूल. गुजरातच्या सीमेजवळचा हा डोंगराळ, भरपूर पावसाचा आदिवासी भाग. भात, नागली, वरई ही इथली पिके. गावात महाविद्यालय आहे आणि नाशिक जिल्ह्यातील इतर अशा महाविद्यालयांप्रमाणे ते पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाच्या कक्षेत येते. म्हणजे इथले प्राध्यापक, ग्रंथपाल, कारकून, शिपाई हे सारे विद्यापीठाच्या मोठ्या कुटुंबातलेच. आरोग्याच्या योजना आखल्या जातात त्या शहरातल्या आवारात राहणारा, पगार नियमित मिळणारा, संध्याकाळी बूट घालून फिरायला जाणारा कर्मचारी गृहीत धरून. ती गृहीते किती पक्की आहेत हे हरसूलसारख्या ठिकाणी चटकन कळते.

आधी त्या प्रसिद्ध आकड्याकडे पाहू. रोज दहा हजार पावले चालावे, असे आज जवळजवळ प्रत्येक अ‍ॅप सांगते. वाचकांना वाटेल की कोणत्या तरी वैद्यकीय संशोधनातून हा आकडा निघाला असावा. तसे नाही. १९६४ साली टोकियोला ऑलिंपिक सामने झाले आणि जपानमध्ये व्यायामाचे वारे वाहू लागले. त्याच लाटेत, १९६५ साली, एका जपानी कंपनीने कमरेला लावायचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीला आणले. त्याचे नाव होते ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. आकडा गोल होता, लक्षात राहण्याजोगा होता, आणि तो टिकला. पुढे खरेखुरे संशोधन झाले तेव्हा चित्र निराळे दिसले. आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली अमेरिकेतील १६,७४१ वयस्क स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचे सरासरी वय ७२ होते. रोज साधारण २,७०० पावले चालणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांमधील मृत्यूचे प्रमाण बरेच कमी आढळले, आणि ७,५०० पावलांच्या आसपास हा फायदा वाढायचा थांबला. २०२२ मध्ये पंधरा अभ्यासांतील ४७,४७१ जणांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. तीत साठीच्या पुढील लोकांसाठी फायद्याची मर्यादा सहा ते आठ हजार पावलांवर, तर त्याहून तरुण लोकांसाठी आठ ते दहा हजारांवर आढळली. म्हणजे दहा हजार हा आकडा अगदी निराधार नसला, तरी तो सर्वांना सारखा लावण्याचे कारण नाही. अगदी थोडे चालणाऱ्याने थोडे जास्त चालणे, यातच सर्वांत मोठा लाभ आहे. स्पर्धेत मात्र अशा माणसाचे नाव नेहमी तळाशी राहते! आम्हाला ही या स्पर्धांमधील पहिली उणीव वाटते.

आता मोजणीकडे वळू. मोबाईलला पावले कशी कळतात? मोबाईलच्या आत त्वरणमापक नावाची नखाहूनही लहान चकती असते. तिच्यात सिलिकॉनचा एक अतिसूक्ष्म तुकडा तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर तोललेला असतो. मोबाईल हलला की हा तुकडा किंचित मागे राहतो. बस एकदम सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. तुकडा सरकला की शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्यामुळे विद्युतधारिता बदलते, आणि त्या बदलावरून त्वरण किती झाले ते मोजले जाते. माणूस चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणून त्वरणाच्या आलेखावर सेकंदाला सुमारे दोन उंचवटे दिसतात. मोबाईलमधील आज्ञावली हे उंचवटे मोजते. ते ठराविक उंचीचे हवेत, ठराविक अंतराने यायला हवेत आणि सलग काही यायला हवेत, अशा अटी तिला घालून दिलेल्या असतात, नाहीतर मोबाईल टेबलावर आपटला तरी पाऊल पडले असे ती समजेल.

ही युक्ती सुंदर आहे, यात शंका नाही. पण मोबाईल मोजतो तो मोबाईलचा हेलकावा. त्यावरून पाऊल हे अनुमान आहे, पावलावरून श्रम हे दुसरे अनुमान आणि श्रमावरून प्रकृती हे तिसरे. अनुमानांची ही साखळी कुठे तुटते ते पाहायचे असेल तर आषाढात हरसूलच्या शिवारात जावे. आवणीच्या दिवसांत बाई कमरेत वाकून, चिखलात उभी राहून, रोप लावत एकेक पाऊल मागे सरकत असते. दिवसभराचे हे काम कंबर मोडणारे आहे. तिच्याजवळ मोबाईल असता तरी त्याने यातले फारसे काही मोजले नसते, कारण सेकंदाला दोन उंचवटे या कामात येतच नाहीत. आणि मोबाईल तिच्याजवळ नसतोच. साडीला खिसा नसतो. मोबाईल घरात फळीवर किंवा चार्जिंगला असतो. उन्हाळ्यात डोक्यावर हंडे घेऊन चढावरून आणलेले पाणीही असेच हिशेबाबाहेर राहते.

कोणी म्हणेल, विद्यापीठातील कर्मचाऱ्यांचा आवणीशी काय संबंध? संबंध आहे. महाविद्यालयात झाडलोट करणारी बाई, पाण्याच्या टाक्या भरणारा, बाकडी हलवणारा शिपाई हेही कर्मचारीच, आणि कामाच्या वेळी त्यांचा मोबाईल पिशवीत किंवा खुंटीला टांगलेल्या शर्टात असतो. त्यांतल्या काहींची घरची शेतीही असते. स्पर्धेच्या यादीत ते ‘निष्क्रिय’ ठरतात. उलट हातात मोबाईल घेऊन वर्गात येरझाऱ्या घालत शिकवणारा प्राध्यापक वर चढतो. हाच दोष मोठ्या अभ्यासांतही शिरतो. २०१७ साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत १११ देशांतील ७,१७,५२७ मोबाईलधारकांच्या पावलांचा अभ्यास आला. त्यात भारताची सरासरी रोजची ४,२९७ पावले दिली आहे, जगाची ४,९६१. भारतीय लोक आळशी, असा मथळा देण्याचा मोह कोणालाही व्हावा. पण हे आकडे एका विशिष्ट अ‍ॅपचा वापर करणाऱ्या भारतीयांचे आहेत. हरसूलची आवणी करणारी बाई त्या सरासरीत नाही, आणि तिच्यासारख्या कोट्यवधी नाहीत. (त्याच अभ्यासातली एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. अमेरिकेतील ज्या शहरांत पायी चालणे सोयीचे होते, तेथील लोक अधिक चालत होते, आणि स्त्री-पुरुषांमधील पावलांची तफावतही तेथे कमी होती. रस्त्याचाही प्रकृतीशी संबंध असतो, हे अ‍ॅप बनवणाऱ्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.)

मोजणीचे एवढे पुरे. यापुढचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. समजा मोजणी अचूक आहे, तर अशा कार्यक्रमांनी प्रकृती सुधारते का?

सुधारते असे सांगणारा सर्वांत मोठा पुरावा आपल्या मुंबईशी निगडित आहे. ‘स्टेपाथलॉन’ नावाची, मुंबईत सुरू झालेली शंभर दिवसांची चालण्याची स्पर्धा २०१२ पासून निरनिराळ्या कंपन्यांत घेतली जाऊ लागली. पाच-पाच जणांचे संघ, प्रत्येकाला पावले मोजण्याचे यंत्र, आणि मोबाईलवर व संगणकावर चालणारा खेळ असे तिचे स्वरूप होते. २०१२ ते २०१४ या तीन वर्षांतील ६९,२१९ सहभागी कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१६ साली अमेरिकन हृदयरोगतज्ज्ञांच्या एका मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ६४ देशांतील हे लोक होते, आणि त्यांतले बहुसंख्य भारतासारख्या कमी उत्पन्नाच्या देशांतले. निष्कर्ष असा : रोजची पावले सरासरी ३,५१९ ने वाढली, बसण्याचा वेळ दिवसाला पाऊण तासाने घटला आणि वजन सरासरी १.४५ किलोग्रॅमने उतरले.

एवढ्या मोठ्या संख्येने कोणीही दिपून जाईल. पण संख्या मोठी असणे आणि पुरावा पक्का असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या अभ्यासात तुलनागट नाही. स्पर्धेपूर्वी आणि स्पर्धेनंतर एवढीच तुलना आहे, आणि माहितीही सहभागी लोकांनी स्वतःच भरलेली. शंभर दिवसांत ऋतू बदलतो, सणवार येतात-जातात, कामाचा ताण कमी-जास्त होतो. स्पर्धेत नाव घालणारा माणूस बहुधा आधीच मनाशी काही ठरवून आलेला असतो. आणि मध्येच सोडून गेलेल्यांनी शेवटचे आकडे भरलेले नसतात. यांतल्या कशामुळे वजन उतरले आणि स्पर्धेमुळे किती, हे वेगळे काढण्याची सोय या अभ्यासात नाही.

शिक्षकांना हा मुद्दा समजावून सांगण्याची गरजच नाही, इतका तो त्यांच्या रोजच्या अनुभवातला आहे. दहावीच्या जादा तासाला नियमित बसणाऱ्या मुलांना इतरांपेक्षा जास्त गुण मिळतात. ते जादा तासामुळे मिळाले, की जी मुले मुळातच मन लावून अभ्यास करणारी होती तीच जादा तासाला बसली म्हणून? नुसते गुण पाहून हे सांगता येत नाही. सांगायचे असेल तर एकच खात्रीचा मार्ग : चिठ्ठ्या टाकायच्या. निम्म्या मुलांना तास द्यायचा, निम्म्यांना नाही, आणि मग सर्वांची एकच परीक्षा घ्यायची. चिठ्ठीला मुलाचा स्वभाव कळत नसल्याने अभ्यासू मुले दोन्हीकडे सारखीच वाटली जातात.

अशा चिठ्ठ्या टाकून केलेला एक प्रयोग सिंगापूरमध्ये झाला. तेरा संस्थांमधील ८०० कर्मचाऱ्यांचे चार गट पाडले. एका गटाला काहीच नाही, दुसऱ्याला फक्त पावले मोजणारे यंत्र, तिसऱ्याला यंत्र आणि पावलांच्या प्रमाणात रोख बक्षीस, चौथ्याला यंत्र आणि तेवढीच रक्कम धर्मादाय संस्थेला. २०१६ साली त्याचे निष्कर्ष आले. सहा महिने बक्षीस चालू होते तोवर रोख पैसे मिळणारा गट सर्वांत जास्त चालला. बक्षीस थांबले आणि चालणेही पूर्वपदावर आले. वर्षअखेर दहांपैकी जेमतेम एकाच्या अंगावर ते यंत्र उरले होते. वजन, रक्तदाब यांत कोणत्याही गटात सुधारणा दिसली नाही. शाळेत तारे चिकटवून गृहपाठ करून घेतलेल्या शिक्षकांना याचे आश्चर्य वाटू नये.

दुसरा प्रयोग थेट विद्यापीठातला आहे, आणि या विषयावर आम्ही वाचलेल्या सर्व अभ्यासांत तो आम्हाला सर्वांत प्रामाणिक वाटतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने २०१६ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आरोग्य-कार्यक्रम सुरू केला. तो मोबाईलपुरता नव्हता. आरोग्यतपासणी, प्रश्नावली, वर्षभर निरनिराळे उपक्रम आणि भाग घेण्याबद्दल पैसे असे सर्व त्यात होते. डेमन जोन्स, डेव्हिड मॉलिटर आणि ज्युलियन रीफ या तीन अर्थशास्त्रज्ञांनी ४,८३४ कर्मचाऱ्यांपैकी ३,३०० जणांना चिठ्ठीने कार्यक्रमात घेतले आणि १,५३४ जणांना बाहेर ठेवले. मग त्यांनी मोठी हुशारीची गोष्ट केली. एकाच माहितीवर त्यांनी दोन्ही प्रकारची गणिते करून पाहिली. आधी नेहमीसारखे : ज्यांनी भाग घेतला ते आणि ज्यांनी घेतला नाही ते. या तुलनेत कार्यक्रम उत्तम ठरला. भाग घेणारे व्यायामशाळेत जास्त वेळा जात होते, त्यांचा औषधपाण्याचा खर्च कमी होता. मग चिठ्ठीप्रमाणे तुलना केली, आणि फरक जवळजवळ नाहीसा झाला. व्यायामशाळेतील हजेरी, गावच्या मॅरेथॉन शर्यतीतील सहभाग, वैद्यकीय खर्च, रजा यांपैकी कशावरही कार्यक्रमाचा ठळक परिणाम नव्हता. आधीपासूनच निरोगी आणि कमी खर्चाचे कर्मचारी कार्यक्रमात शिरले होते, एवढाच पहिल्या तुलनेचा अर्थ निघाला. कार्यक्रमाने वाढले ते काय? आरोग्यतपासणी करून घेणाऱ्यांचे प्रमाण, आणि ‘आपल्या संस्थेला आपल्या प्रकृतीची काळजी आहे’ ही कर्मचाऱ्यांची समजूत.

म्हणून मोबाईल निरुपयोगी, असा निष्कर्ष कोणी काढू नये. चेन्नईचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. ए. रामचंद्रन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०१३ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग याच्या नेमका उलट आहे. आग्नेय भारतातील कारखान्यांतून व कार्यालयांतून त्यांनी ५३७ पुरुष निवडले. या सर्वांची रक्तशर्करा वाढू लागलेली होती, पण मधुमेह झालेला नव्हता. सर्वांना प्रथम समोर बसवून आहार व व्यायामाचा सल्ला दिला. मग चिठ्ठीने निम्म्यांना दोन वर्षे मोबाईलवर साधे लघुसंदेश पाठवले. ना पावले मोजली, ना यादी लावली. दोन वर्षांनी संदेश मिळालेल्यांपैकी १८ टक्क्यांना मधुमेह झाला होता, न मिळालेल्यांपैकी २७ टक्क्यांना. म्हणजे अकरा जणांना संदेश पाठवले की त्यांतल्या एकाचा मधुमेह त्या काळापुरता टळला. शिवाय संदेश साध्यातल्या साध्या मोबाईलवर जातो, त्याला इंटरनेट लागत नाही. हरसूलच्या आसपासच्या पाड्यांवर जिथे रेंज धरायला टेकाडावर जावे लागते, तिथेही तो उशिरा का होईना, पोचतो.

हे दोन प्रकारचे निकाल शेजारी ठेवले तर फरक कुठे पडला ते दिसू लागते. चेन्नईत धोक्याच्या उंबरठ्यावरची माणसे आधी रक्त तपासून शोधली होती, सरसकट सगळ्यांना ओढले नव्हते. प्रत्येकाशी एकदा तरी जाणकार माणूस बोलला होता आणि संदेश त्या बोलण्याची आठवण करून देत होता. आणि यश मोजले ते आजारात, पावलांत नाही. या तिन्हींपैकी मोबाईलचा वाटा किती आणि माणसांचा किती, हे वाचकांनीच ठरवावे. आमच्या मते मोबाईल येथे पोस्टमनचे काम करत होता आणि ते त्याने चांगले केले.

एक प्रश्न उरतो, आणि तो विज्ञानापेक्षा नोकरीचा आहे. वरिष्ठांनी सुचवलेले अ‍ॅप ‘ऐच्छिक’ असते म्हणजे काय? अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात सरकारी कर्मचाऱ्यांच्या विमा योजनेने शिक्षकांसह सर्वांसाठी असे एक अ‍ॅप आणण्याचे ठरवले होते. पावले वगैरे नोंदवून गुण मिळवा, नाहीतर विम्यापोटी महिन्याला २५ डॉलर जास्त भरा, अशी ती योजना होती. शिक्षकांच्या संतापापुढे ती मागे घ्यावी लागली. २०१८ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या राज्यातील सर्व ५५ परगण्यांतल्या शाळा शिक्षकांच्या संपाने बंद पडल्या, तेव्हा पगार आणि विम्याचा वाढता खर्च या मुख्य कारणांबरोबर हा रागही त्यात होता. आपल्याकडे १ मे २०२० च्या आदेशाने सरकारी व खासगी सर्व कर्मचाऱ्यांना ‘आरोग्य सेतू’ अ‍ॅप सक्तीचे केले गेले होते. पंधरवड्यातच ती सक्ती सौम्य करावी लागली. तो साथीचा काळ होता, हे खरे. पण नोकराच्या खिशातल्या मोबाईलपर्यंत मालकाचा हात किती सहज पोचू शकतो हे त्यावेळी दिसले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यातील सातव्या कलमात, नोकरीच्या प्रयोजनासाठी काही माहिती कर्मचाऱ्याच्या संमतीवाचूनही वापरता येण्याची तरतूद आहे. पावले, झोप, नाडीचे ठोके ही माहिती त्यात बसते का? तासिका तत्त्वावर नेमलेल्या, पुढच्या वर्षी पुन्हा बोलावतील की नाही याची धास्ती असलेल्या तरुण प्राध्यापकाला हा प्रश्न विचारायचे धाडस होणार नाही. म्हणून कायम नोकरीत असलेल्यांनी तो विचारावा.

त्या तरुणाचा दिवसही एकदा मांडून पाहू. समजा तो नाशिकला राहतो आणि रोज हरसूलला ये-जा करतो. पन्नास-साठ किलोमीटरचा रस्ता, मध्ये घाट, पावसाळ्यात धुके. एसटीने गेला तर जाऊन-येऊन तीन तास बसण्यात गेले. तासिकांचे मानधन पुरत नाही म्हणून संध्याकाळी शिकवण्या. दुपारचा डबा स्टाफरूममध्ये, चहा दिवसातून चार वेळा, प्रत्येक कपात दोन चमचे साखर. रात्री नऊ वाजता त्याचा मोबाईल सांगतो, ‘आज तुम्ही ३,१०० पावले चाललात, लक्ष्यापासून ६,९०० दूर आहात.’ ही सूचना खरी आहे, पण तिचा त्याला उपयोग काय? त्याच्या दिवसात ६,९०० पावलांची, म्हणजे साधारण सव्वा तासाची जागा आहे कुठे? ती जागा वेळापत्रकात, बसच्या वेळेत आणि मानधनात शोधावी लागेल. त्या तिन्ही गोष्टी मोबाईलच्या हातात नाहीत. संस्थेच्या आहेत.

नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठही आहे. यांच्यासारख्या संस्थांना मोबाईलचा असा उपक्रम करायचाच असेल, तर तो प्रयोग म्हणून करावा, अशी आमची सूचना आहे. खर्च काही फार नाही. तीस वर्षांवरील व्यक्तींची रक्तदाब व मधुमेहाची तपासणी राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी आरोग्य केंद्रांतून होते, तिचा लाभ आधी सर्व कर्मचाऱ्यांना, शिपायापासून कुलगुरूंपर्यंत, मिळवून द्यावा. मग संलग्न महाविद्यालयांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकाव्यात. निम्म्यांत उपक्रम आता, निम्म्यांत सहा महिन्यांनी, म्हणजे कोणावर अन्यायही नाही. मोजायचे ते रक्तदाब आणि कमरेचा घेर. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटातले ते ठाऊक नसावे. किती जणांनी मध्येच सोडले ही संख्या अहवालाच्या पहिल्या पानावर छापावी. आणि कोणाचाही व्यक्तिगत आकडा त्याच्या वरिष्ठाच्या टेबलावर जाऊ नये. एवढे करण्याची तयारी नसेल तर बक्षीस समारंभ करावा, पण त्याला आरोग्याचा पुरावा म्हणू नये.

शाळेत मात्र याची वाट पाहण्याची गरज नाही. आठवी-नववीच्या मुलांना घेऊन मोजणीचा भाग उद्याही तपासता येईल. एक मोबाईल, एक खडू आणि एक वही पुरते. मैदानावर मोजून १०० पावले चालायची : एकदा मोबाईल खिशात ठेवून, एकदा हातात धरून, एकदा पाठीवरच्या दप्तरात, एकदा डोक्यावरच्या रिकाम्या कळशीत. मग तीच १०० पावले अगदी सावकाश टाकायची, नंतर वाकून मागे सरकत, आवणी करतात तशी. त्यानंतर सायकलवर एक फेरी, आणि शेवटी एका जागी बसून मोबाईल सेकंदाला दोनदा हलवायचा. प्रत्येक वेळी मोबाईलने दाखवलेला आकडा आणि मुलांनी मोजलेला आकडा शेजारी शेजारी लिहायचा, प्रत्येक प्रकार निदान पाच वेळा करायचा, आणि सरासरीबरोबर सर्वांत लहान व सर्वांत मोठा आकडाही टिपायचा. त्यानंतर मुलांना एवढेच विचारावे : आपल्या घरात सर्वांत जास्त काम कोण करते, आणि त्या व्यक्तीचा मोबाईल त्या वेळी कुठे असतो?